बसलेली पलटण

त्याच्या अंगाला अजून सुक्या बोंबलाचा वास येतो. इतकी वर्षं बोळिंजच्या फ्लॅटमध्ये, काचेच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या शेजारी काढूनही तो गेलेला नाही. फाल्गुनात खोली रिकामी करायला घेतली तेव्हा मी त्याला बाहेर काढलं, सवयीने नाकाशी धरलं, आणि मागून मेधा म्हणाली, "हुंगून झालं असेल तर खोक्यात घाला."

मेधा माझी बायको. आणि ज्याला मी नाकाशी धरलं होतं तो फूटभर उंचीचा प्लास्टिकचा सैनिक. त्याचं नाव पेद्रू. अशा सैनिकांची एक पलटणच मी जमवली आहे. जत्रेत पिशवीतून मिळणारे बोटाएवढे हिरवे शिपाई ते हे नव्हेत. हे माणसाच्या एक षष्ठांश मापाचे. खांद्याला, कोपराला, मनगटाला, कमरेला, गुडघ्याला सांधे असलेले. अंगावर खऱ्या कापडाचा गणवेश, त्याला लावता-काढता येणारी बटणं, पाठीवर उघडणारी पिशवी. जगात पुष्कळ मोठी माणसं हा छंद करतात. आमच्या इमारतीत मी एकटाच करतो, त्यामुळे लिफ्टमध्ये लोक मला जरा जास्त जागा देतात.

खोली रिकामी करायची होती कारण मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार होती.

"तुमचे शिपाई की माझं नातवंड, ठरवा," मेधा म्हणाली.

"नातवंड आपलं आहे."

"मग शिपाई तुमचे. न्या कुठे ते."

कुठे न्यायचे, हाच प्रश्न होता. हल्लीच्या फ्लॅटला माळा नसतो. खोक्यात बंद केलं तर आमच्याकडच्या खारट, दमट हवेत सांध्यांतलं रबर चिकट होतं, आणि वर्षभराने खोकं उघडावं तर आत हात वेगळे, पाय वेगळे. घेणारे पुष्कळ आहेत, पण एकेक करून घेणारे. म्हणजे पलटण मोडायची. ती मात्र मी मोडणार नव्हतो. काहीही होवो, सगळे एकत्र राहतील, एवढं मी स्वतःशी पक्कं केलं होतं.

पेद्रूला खोक्यात न घालता मी तसाच हातात धरून बसलो. त्या वासाचा एक दोष आहे. तो आला की मी बोळिंजमध्ये राहत नाही.

पाचूबंदरला पूर्वी आधी नाक पोहोचायचं, मग माणूस. बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील, खाली वाळूत पसरलेला जवळा, त्यावर घिरट्या घालणारे कावळे आणि त्या कावळ्यांना शिव्या घालणाऱ्या म्हाताऱ्या. इनास तिथला. आम्ही वसईच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी फुलपाड्यातला, कारकुनाचा मुलगा. त्याचा मामा परदेशी जहाजावर खलाशी होता. एका मे महिन्यात मामा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात साबणाच्या वड्या, दाढीचं सामान, आणि सगळ्यात खाली हा. अंगावर फक्त बूट. कुठल्याशा बंदरावरच्या जुन्या बाजारात मामाला तो असाच मिळाला होता.

इनासच्या आईला मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणतो. ती कोलंबी सोलता सोलता थांबली.

"नागडा, पन बूट घालून?" ती म्हणाली. "कंच्या देशाची रीत रे ही?"

दुसऱ्या दिवशी तिने इनासची शाळेतली खाकी अर्धी चड्डी उसवली आणि पायमशीनवर पेद्रूला सदरा-विजार शिवून दिली. नावही तिनेच ठेवलं. तो कोणत्या सैन्यातला, हे पुढे अनेकांनी आम्हाला विचारलं. जाणकारांनी बुटांवरून तर्क केले. इनासचं उत्तर ठरलेलं होतं, "पाचूबंदरचा."

मग नाद लागला. आखातातून येणारा कुणाचा भाऊ, जहाजावरून येणारा कुणाचा काका, मुंबईतली जुनी दुकानं. कधी नुसतं धड मिळायचं, कधी हेल्मेटसकट डोकं. नवे कोरे गणवेश आम्ही चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकायचो. बुटांना मिठागरातला चिखल लावायचा. तो वाळला की पांढरा पडून असा तडकतो की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस फार लांबून चालत आलाय. इनासच्या वडिलांनी बारीक भोकांचं, रुमालाएवढं जाळं विणून दिलं, तंबूवर टाकायला. विणताना ते पूर्ण वेळ कुरकुरत होते की ह्यात मासळी काय, डाससुद्धा अडकणार नाही.

पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असत. त्यांच्या पोटाखाली कोरडी, अंधारी जागा असे. तिथे डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास, वर झावळ्यांवर पावसाची संततधार, आणि आमची पलटण वाळूत गोल करून बसलेली. त्या आवाजाने मला अजून झोप येते. इनास मात्र तिथेही बोलत राहायचा. प्रत्येक शिपायाची त्याच्याकडे एक तक्रार तयार असे: ह्याला रजा मंजूर झाली नाही, त्याचे बूट चावतात, ह्याला आमटीत मीठ कमी लागलं. पराक्रमाची एकही गोष्ट त्याने कुणाच्या नावावर लावली नाही.

बसण्याची गोष्ट मावशीमुळे सुरू झाली. तिच्या घरी संध्याकाळी चर्चची घंटा झाली की सगळं थांबायचं आणि घरातले रोझरीच्या प्रार्थनेला गुडघे टेकायचे. एकदा ओट्यावर आम्ही पलटण ओळीने उभी करून ठेवली होती, बंदुका खांद्यावर, आणि घंटा झाली.

"तिन्हीसांजेला दारात बंदूक घेऊन कोन उभा रातो रे?" मावशी आतून ओरडली. "बसव त्यांना."

इनासने एकेकाला गुडघ्यावर टेकवायला घेतलं.

"त्यांचा बाप्तिस्मा झालाय का? नुस्ते बसव." मग तिची नजर माझ्याकडे गेली. "तू पन बस त्यांच्याबरोबर."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी आणि सैन्य भिंतीला टेकून बसायचो. आत मराठी प्रार्थनेच्या लाटा एकामागून एक यायच्या, कंदिलाभोवती पाखरं फिरायची, आणि माझ्या शेजारी ते सगळे गुडघे दुमडून, हात सैल सोडून. त्या बसण्यात मला पहिल्यांदा ते माणसांसारखे दिसले. उभे असताना ते कुणाची तरी वाट बघतायत असं वाटायचं, बहुधा साहेबाची.

माझे वडील साहेबासाठी उभं राहण्यातले तज्ज्ञ होते. त्यांच्या ऑफिसात साहेब आला की सगळा हॉल उभा राहायचा, आणि घरी आल्यावर आपल्यासाठी कोणी उठत नाही हे त्यांच्या मनाला लागायचं. "मिसरूड फुटलं आणि बाहुल्या खेळतोय," ते म्हणायचे. मी उत्तर देत नसे. आज दिलं असतं. चौकाचौकांत आपण जे पुतळे उभारून ठेवलेत, हार घालून, कबुतरांच्या स्वाधीन करून, त्यांना बाहुल्या म्हणत नाहीत इतकंच. त्यातल्या एकालाही गुडघा वाकवता येत नाही.

नाताळात मावशीच्या अंगणात येशूजन्माची गव्हाण व्हायची. गवत, शेवाळ, कागदाचे डोंगर, आणि आरशाच्या तुकड्याचं तळं. एका वर्षी आम्ही पलटणीतले चार शिपाई मेंढपाळांच्या मागे शेकोटीला बसवले. बक्षिसासाठी गव्हाणी बघत फादर आले. वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हे कोण?"

"रात्रपाळीचे वॉचमन, फादर," इनास म्हणाला.

"मेंढपाळांपेक्षा उंच आहेत."

"हां, बाहेरगावचे आहेत."

बक्षीस मिळालं नाही. फादर जाताना हसत होते, हे मी पाहिलं.

आणि कळंबचा किनारा. ओहोटीला तिथली काळसर वाळू इतकी लांब, इतकी सपाट पडलेली असते की समुद्र रजेवर गेल्यासारखा वाटतो. इनासने मागून आणलेल्या कॅमेऱ्याने आम्ही तिथे फोटो काढायचो. पोटावर झोपायचं, कॅमेरा वाळूला टेकवायचा, म्हणजे शिपाई माणसाएवढा दिसतो. सहलीला आलेले लोक भोवती जमायचे.

"शूटिंग हाय का?" एकाने विचारलं होतं.

"हो."

"फायटिंग कधी?"

"आज सुट्टी आहे सगळ्यांना," इनास म्हणाला, आणि त्याने पेद्रूचा बूट काढून वाळूत ठेवला. तो फोटो माझ्याकडे आहे. पेद्रू, त्याचा उघडा पाय, आणि मागे इनासच्या तळहाताची सावली.

इनास आता नाही. कसा गेला ते सांगायची ही जागा नव्हे. त्याच्या वाटणीची अर्धी पलटण मावशीने मला दिली. "घेऊन जा," एवढंच म्हणाली होती. "माझ्याकडं बगत बसतात." मी ती पिशव्यांत भरून आणली आणि माझ्या अर्ध्यात मिसळली. त्यातले कोणते त्याचे, कोणते माझे, ते मी मुद्दाम विसरलो. पेद्रू सोडून.

पुढे पलटण वाढली. आता जगातून काहीही घरपोच येतं. पण नियम तोच: आमच्याकडे कोणी उभं राहत नाही. एक स्वयंपाकी बटाटे सोलतो. एक जुन्या फौजेतला खेचरवाला खेचराशिवाय बसलाय, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचं समाधान आहे. एक मोजे वाळवतोय. छंदवाल्यांच्या ग्रुपवर इतरांचे कमांडो भिंतीवरून झेपावत असतात; माझ्या फोटोखाली कोणीतरी दरवेळी विचारतं, "ॲक्शन कुठाय, सर?" मी लिहितो, "जेवणानंतर."

तर अशा ह्या लोकांना जागा हवी होती, आणि ती देऊ केली आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी. त्यांनी नुकतीच खालची लॉबी नवी केली होती. संगमरवर, एक कारंजं, आणि भिंतीत काचेचं भलंमोठं शोकेस. शोकेसमध्ये काय ठेवायचं हे ते बांधून झाल्यावर कमिटीच्या लक्षात आलं. चेअरमन जाकीट घालून घरी आले, खोलीच्या दारातून पलटण पाहिली आणि म्हणाले, "वा! सगळी मॉडेल्स घेऊ. कायमची. पाडव्याला लोकार्पण. फक्त एक आहे, उभी करा. सावधान."

"का?"

"बसलेला सैनिक बरा दिसत नाही. पब्लिकमध्ये मेसेज काय जातो?"

"दमलेत असा जातो."

"आपल्या सोसायटीत दमलेले नकोत," ते म्हणाले, आणि मेधाने पुढे केलेला चहा घेऊन टाकला.

मी हो म्हणालो. दुसरी जागा नव्हती, आणि सगळे एकत्र राहणार होते. उभे तर उभे.

अशा सैनिकाला बराच काळ उभं ठेवायचं तर पाठीमागे एक सळई लागते, आणि तिला कमरेशी पकडणारा चिमटा. नाहीतर तो आज ना उद्या तोंडावर पडतो. बसायला काहीच लागत नाही. चेअरमननी हौसेने स्टीलच्या चकचकीत सळया करून आणल्या. मी लॉबीत शोकेसमध्ये शिरून एकेकाला उभं करत गेलो. स्वयंपाक्याच्या हातातून बटाटा काढला. मोजेवाल्याला बूट घातले. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, "आता कसे शोभतायत!" खरंच शोभत होते. वडिलांच्या ऑफिसातला हॉल दिसत होता.

शेवटी पेद्रू. त्याचा उजवा गुडघा सरळ होईना. इतकी वर्षं दुमडलेला, आतलं रबर दगडासारखं झालेलं. थोडा जोर लावला तेव्हा आतून कट् असा बारीक आवाज आला, आणि मी हात काढून घेतला.

चेअरमन बाजूलाच होते. "मोडला का? मग ह्याला राहू द्या. तसाही कपड्यांवरून कुठल्या रेजिमेंटचा ते कळत नाही. हा नको."

ते हे अगदी सहज म्हणाले. वाईट माणूस नव्हे. त्यांना रांग सरळ हवी होती. मी पेद्रूला खिशात घालून वर आलो. तो खिशात मावत नाही. अर्धा बाहेर, लिफ्टच्या आरशात माझ्याबरोबर दिसत होता. पलटण मोडू नये म्हणून मी तिला उभं केलं होतं, आणि पलटणीतला पहिला माणूस वजा झाला होता. मग मी उभं तरी कशासाठी केलं होतं?

पाडव्याच्या सकाळी शोकेसवर साटिनचा पडदा होता, त्याला ओढायला दोरी. किल्ली माझ्याकडेच होती. "शेवटचा हात फिरवतो," असं सांगून मी पडद्याआड गेलो.

पाहुणे आले, हल्ली कुठल्याही पक्षात चालतील असे एक गृहस्थ. हार झाले, भाषण झालं. भाषणात शौर्य हा शब्द इतक्यांदा आला की कारंज्याचा आवाज बरा वाटायला लागला. मग त्यांनी दोरी ओढली.

पलटण बसली होती. सगळी. कोणी भिंतीला टेकून, कोणी मांडी घालून, बंदुका एका कोपऱ्यात ओळीने ठेवलेल्या. मध्यभागी पेद्रू, एक बूट काढून. स्वयंपाक्याने तीन सळयांची तिकाटी बांधून तिच्यावर टोप टांगला होता. बाकीच्या सळया सरपणासारख्या शेजारी रचल्या होत्या.

लॉबीत दोन-तीन मोबाइल वर झाले. मग पाहुणे म्हणाले, "छान आहे की. जेवायला बसलेत वाटतं."

चेअरमनचा आवाज खालच्या पट्टीत आला. "उभं करा त्यांना. साहेब आलेत."

"साहेब खुर्चीत बसणारच आहेत ना आता? हे खाली बसलेत."

"मी शेवटचं सांगतो. उभे राहणार असतील तर शोकेस, नाहीतर आत्ताच्या आत्ता उचला."

"उचलतो," मी म्हणालो.

मेधा बायकांच्या रांगेत ओवाळणीचं तबक घेऊन उभी होती. तिने ते तबक चेअरमनच्या बायकोच्या हातात दिलं, पुढे आली आणि शोकेसमध्ये वाकली. एक शिपाई ह्या काखेत, एक त्या काखेत, नारळ धरावेत तसे.

"अहो, बघताय काय? धरा तो खेचरवाला."

लिफ्टमध्ये ती म्हणाली, "माझं त्यांच्याशी भांडण आहे ते घरातलं. त्यांना उठ म्हणणारा हा कोण?"

"पण खोली..."

"खोलीत नाहीच ठेवायचे. ते मी बोललेच आहे."

मी मावशीला फोन केला. तिला काय विचारतोय ते मला माहीत होतं, म्हणून नीट विचारता येईना. तिच्या मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.

"पेद्रू पन हाय?"

"आहे. गुडघा आखडलाय त्याचा."

"माजा पन." मग म्हणाली, "आन सगळ्यांना. झाडलोट मात्र तू करायची. मी नाय करनार."

त्याच दुपारी रिक्षातून गेलो. मागच्या सीटवर मेधा, मी आणि आमच्या मांडीवर, पायाशी, दोघांच्या मधे पलटण. मावशीचं घर आता पक्कं झालंय, पत्र्याच्या जागी स्लॅब आहे, पण ओटा तोच ठेवलाय. ती दारात बसली होती. आम्ही एकेकाला खाली उतरवत होतो तेव्हा तिने प्रत्येकाकडे बघून घेतलं. पेद्रू आला तेव्हा त्याला हातात घेतलं, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि त्याचा सदरा उलटा करून शिवण तपासली.

"अजून टिकलंय," ती म्हणाली. मग मेधाकडे वळून, "तू कशी राहतंस ग ह्याच्याबरोबर?"

"उभी नाही राहत," मेधा म्हणाली.

पुढच्या रविवारी मी झाडलोट करायला गेलो तर ओट्यावरची मांडणी बदललेली. बंदुका कुठेच नव्हत्या. त्या तिने आत फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. मोजेवाल्याच्या मांडीवर जाळ्याचा तुकडा आणि हातात टाचणी. खेचरवाल्यापुढे सुपलीसारख्या झाकणात जवळा, निवडायला. पेद्रू कडेला, भरतीकडे तोंड करून, दोराचं वेटोळं धरून.

"हे काय मावशी?"

"रिकामी मानसं मला नाय चालत घरात," ती म्हणाली, आणि कोलंबीची पाटी माझ्यापुढे सरकवली.

मी सोलत असताना फोन वाजला. चेअरमन. शोकेस रिकामं आहे, लोक विचारतात, कमिटीने पुनर्विचार केलाय. "बसलेले चालतील," ते म्हणाले. "पाठवा."

मी ओट्यावर नजर टाकली. वाऱ्याने जाळ्याचा तुकडा हलत होता. माझे हात कोलंबीने चिकट झालेले, फोन खांद्याने कानाशी धरलेला.

"जमणार नाही," मी म्हणालो. "सगळे कामावर आहेत."